'ठरले' आणि 'ठरविले': कर्त्याविना चालणाऱ्या व्यवस्थांतील उत्तरदायित्वाचा प्रश्न

१

'मी ठरविले', 'आम्ही ठरविले', 'असे ठरविण्यात आले' आणि 'तसे ठरले' ही चार वाक्ये एकाच प्रसंगाविषयी उच्चारली जाऊ शकतात. प्रसंग बदलत नाही. बदलते ते क्रियेचे कर्त्याशी असलेले नाते. पहिल्या वाक्यात कर्ता समोर उभा आहे. दुसऱ्यात तो समूहात मिसळला आहे. तिसऱ्यात त्याला वाक्याबाहेर ठेवले आहे, तरी 'ठरविणे' या प्रयोजक क्रियापदात त्याची खूण शिल्लक आहे. चौथ्या वाक्यात मात्र ही खूणही उरलेली नाही. 'ठरणे' हे अकर्मक क्रियापद आहे. पाऊस पडावा तसे ते ठरते. येथून आणखी एक पायरी गेलो, तर 'उजाडले', 'सांजावले' अशा क्रियापदांपाशी आपण पोहोचतो. व्याकरणकारांनी त्यांना भावकर्तृक म्हटले आहे, कारण तेथे क्रियेचा भाव हाच कर्ता मानावा लागतो. 'कोणी उजाडवले?' असा प्रश्न तेथे संभवत नाही.

प्रस्तुत निबंधाचा प्रश्न असा आहे: मानवी व्यवहारातील एखादी गोष्ट 'ठरली' असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा 'कोणी ठरविली?' हा प्रश्न गैरलागू होतो काय? होत नसेल, तर त्याचे उत्तर कोठे शोधावयाचे?

हा प्रश्न आपल्या काळात दोन ठिकाणी विशेष तीव्रतेने उभा राहतो. एक ठिकाण म्हणजे संगणकाच्या घटनाचालित आज्ञावली. त्यांत क्रियांचा क्रम आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हाती राहत नाही. दुसरे ठिकाण म्हणजे नियमावली, पदाधिकारी व निवडणूक यांवाचून, प्रसंगानुसार जमणाऱ्या व काम करणाऱ्या अनौपचारिक संघटना. वरवर पाहता ही दोन क्षेत्रे परस्परांपासून दूर आहेत. परंतु मेल्व्हिन कॉन्वे यांनी १९६८ सालीच एका लेखात असे प्रतिपादन केले होते की, कोणतीही संघटना जी प्रणाली रचते, तिच्या घडणीत त्या संघटनेतील संपर्काची घडण उमटते. हे प्रतिपादन पुढे कॉन्वेचा नियम म्हणून ओळखले जाऊ लागले. तेव्हा या दोहोंची एकत्र चर्चा करणे हा केवळ रूपकाचा खेळ नव्हे.

साहित्यसमीक्षेला या चर्चेत रस असण्याचे कारण उघड आहे. रोलां बार्थ यांचा लेखकाच्या मृत्यूविषयीचा निबंध १९६७ सालचा आणि मिशेल फूको यांचे 'लेखक म्हणजे काय' या प्रश्नावरील व्याख्यान १९६९ सालचे. त्यानंतरच्या समीक्षेने संहितेवरील कर्त्याची सत्ता नाहीशी होण्याचे स्वागत केले. ती सत्ता नाहीशी झाल्यानंतर कोठे गेली, हा प्रश्न फूको यांनी विचारला होता. पण त्यांच्या अनुयायांनी तो तितक्या आस्थेने लावून धरला नाही. संगणकाच्या क्षेत्रात मात्र या प्रश्नाला अगदी मूर्त स्वरूपात सामोरे जाणे भाग पडते. तेथे सत्ता कोठे गेली हे बोट ठेवून दाखविता येते.

२

प्रारंभीच्या आज्ञावलीचे स्वरूप कथनासारखे होते. पहिली आज्ञा, मग दुसरी, मग अट, मग पुनरावृत्ती, अखेर समाप्ती. आज्ञावली लिहिणारा हा निवेदक होता आणि पुढे काय घडावयाचे ते तोच सांगत होता. वापरणाऱ्याकडून काही हवे असल्यास आज्ञावली त्याला विचारी आणि त्याचे उत्तर येईपर्यंत थांबून राही. एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६८ साली 'गो टू' या आज्ञेविरुद्ध जे सुप्रसिद्ध पत्र लिहिले, त्याचा खरा गाभा नैतिक नसला तरी ज्ञानमीमांसेचा आहे. स्थिर संबंध आकळण्यात माणसाची बुद्धी पटाईत असते. कालात उलगडत जाणारी प्रक्रिया डोळ्यांपुढे आणण्यात ती दुबळी पडते. म्हणून कागदावरील संहिता आणि कालात घडणारी प्रक्रिया यांतील अंतर शक्य तितके कमी ठेवावे, असे त्यांचे म्हणणे होते. रशियन रूपवाद्यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर फॅब्युला आणि सूझेत यांची फारकत होऊ देऊ नये, असा हा आग्रह होता.

चित्रमय पडद्याच्या संगणकांनी ही फारकत अपरिहार्य केली. १९८४ साली आलेल्या मॅकिंतोशसाठी आज्ञावली लिहिणाऱ्याला आपल्या लेखनाची मांडणीच बदलावी लागली. माणूस माउस कोठे दाबील, कोणती कळ केव्हा दाबील, कोणती खिडकी बंद करील, हे आधी सांगता येत नाही. तेव्हा आज्ञावलीच्या मध्यभागी एक अखंड फिरणारे चक्र ठेवावयाचे. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव 'इव्हेंट लूप'. घटना घडली की ती रांगेत लागते. चक्र रांगेतील पुढची घटना उचलते आणि तिच्यासाठी आधीच नोंदवून ठेवलेला आज्ञांचा तुकडा चालविते. हा तुकडा म्हणजे 'हँडलर' किंवा 'कॉलबॅक'. त्याचे काम आटोपले की नियंत्रण पुन्हा चक्राकडे जाते. पुढे हे चक्र लिहिण्याचेही कारण उरले नाही; ते तयार मिळू लागले. अशा तयार चौकटीला 'फ्रेमवर्क' म्हणतात. नेहमीच्या साधनसंग्रहाला आपण बोलावतो, फ्रेमवर्क आपल्याला बोलावते, असा हा भेद आहे.

या उलटापालटीला राल्फ जॉन्सन व ब्रायन फूट यांनी १९८८ सालच्या आपल्या लेखात नियंत्रणाचे व्युत्क्रमण म्हटले. त्याआधी १९८५ साली रिचर्ड स्वीट यांनी एका आज्ञावली-परिसराचे वर्णन करताना हॉलिवूडचा दाखला दिला होता. चित्रपटात काम मागायला आलेल्या नटाला तेथे सांगितले जाते की, तुम्ही आम्हाला बोलावू नका, गरज पडली की आम्हीच तुम्हाला बोलावू. हा दाखला विनोदाने दिलेला असला, तरी त्यात सत्तासंबंधाचे नेमके वर्णन आहे. नट स्वतंत्र आहे. अभिनय त्याचाच असणार आहे. परंतु केव्हा, किती वेळ आणि कोणत्या प्रसंगी तो रंगमंचावर यावयाचा, हे त्याच्या हाती नाही. आपल्याला बोलावले का जात नाही, हेही त्याला कळत नाही.

येथे दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, घटनाचालित आज्ञावलीत 'काय घडले' याहूनही 'कशाला घटना मानावयाचे' हा निर्णय अधिक महत्त्वाचा असतो. संगणकावर क्षणोक्षणी असंख्य बदल होत असतात. त्यांपैकी ज्यांना चौकटीने नाव दिले, ज्यांच्यासाठी नोंदणीची सोय ठेवली, तेवढेच बदल घटनेच्या पदवीला पोहोचतात. उरलेले बदल घडतात, पण ते कोणाला ऐकू जात नाहीत. दुसरी गोष्ट अशी की, एखाद्या हँडलरने फार वेळ घेतला तर एका धाग्यावर चालणारी सगळी व्यवस्था खोळंबते. म्हणजे ज्या तुकड्याला क्रमाविषयी काहीही ठरविण्याचा अधिकार नाही, त्याला सर्वांना अडवून धरण्याचे सामर्थ्य मात्र आहे. अधिकार एकाकडे आणि उपद्रवक्षमता प्रत्येकाकडे, अशी ही विभागणी आहे.

३

या रचनेत कर्ता कोण? कळ दाबणारा माणूस म्हणेल, 'मी फक्त कळ दाबली.' हँडलर लिहिणारा म्हणेल, 'मला बोलावले, मी आलो.' फ्रेमवर्क लिहिणारा म्हणेल, 'मी केवळ निरोप पोहोचविला; तुकडा कोणी काय लिहिला याच्याशी माझा संबंध नाही.' तिघेही खरे बोलत आहेत. तिघांच्या खऱ्या बोलण्याची बेरीज मात्र 'ते झाले' अशी होते.

भारतीय व्याकरणपरंपरेने या पेचासाठी एक सूक्ष्म विचार तयार ठेवला आहे. पाणिनीने कर्त्याची व्याख्या हालचालीच्या आधारे न करता स्वातंत्र्याच्या आधारे केली. क्रियेच्या सिद्धीत जो स्वतंत्र तो कर्ता. लगेच पुढच्या सूत्रात त्याने सांगितले की, अशा स्वतंत्राला जो प्रवृत्त करतो तोही कर्ताच. त्याला हेतू अशी आणखी एक संज्ञा आहे. म्हणजे करविणारा आणि करणारा या दोघांनाही कर्तृत्व आहे. एकाचे कर्तृत्व मान्य केल्याने दुसऱ्याचे रद्द होत नाही. मराठीतही 'करणे' आणि 'करविणे' यांतून हेच नाते व्यक्त होते. 'आई मुलाकडून अभ्यास करविते' या वाक्यात मुलाचा अभ्यास आईच्या प्रेरणेमुळे आईचा होत नाही आणि मुलाने तो केल्यामुळे आईचा भाग शून्य होत नाही.

फ्रेमवर्क हा या अर्थाने प्रयोजक कर्ता होय. परंतु त्याची प्रयोजकता विशेष प्रकारची आहे. आई मुलाला 'अभ्यास कर' असे सांगते. ती आज्ञा दोघांनाही ऐकू येते. चौकट कोणाला काही सांगत नाही. कोणते प्रसंग ओळखले जातील, कोणाची नोंद कोठे होईल आणि रांग कोणत्या क्रमाने पुढे सरकेल, एवढेच ती निश्चित करून ठेवते. तिची प्रेरणा आज्ञेच्या रूपाने प्रकट न होता मांडणीच्या रूपाने आधीच घडून गेलेली असते. म्हणून ती प्रेरणा म्हणून ओळखू येत नाही.

याच परंपरेतील दुसरा विचारही येथे उपयोगी आहे. कारके वक्त्याच्या विवक्षेवर अवलंबून असतात, असे वैयाकरण मानतात. स्वयंपाकी भांड्यात भात शिजवितो असे म्हणता येते, तसेच भांडे शिजविते असेही म्हणता येते. भांड्यालाही स्वतःच्या व्यापारापुरते कर्तृत्व आहे. वक्त्याला ते पुढे आणावयाचे असेल तर भाषा अडवत नाही. याचा नैतिक अर्थ महत्त्वाचा आहे. एखाद्या क्रियेचा कर्ता कोण हे सांगणे म्हणजे केवळ वस्तुस्थितीची नोंद करणे नव्हे. त्यात निवड असते. आणि जेथे निवड आहे तेथे तिचे समर्थन मागता येते. 'तसे ठरले' असे म्हणणाराही एक निवड करीत असतो.

४

आता संघटनांकडे वळू. १९७० साली अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळीत जो फ्रीमन यांनी एक भाषण केले. १९७२ पासून ते लेखरूपाने प्रसिद्ध होऊ लागले आणि 'रचनाशून्यतेची जुलूमशाही' अशा अर्थाच्या शीर्षकाने गाजले. त्या चळवळीतील लहान लहान गटांनी नेता, पदे आणि नियम ही पुरुषी सत्तेची लक्षणे मानून नाकारली होती. फ्रीमन यांचे म्हणणे असे की, रचनाशून्य गट असा प्रकारच अस्तित्वात नसतो. माणसे काही काळ एकत्र आली की रचना निर्माण होतेच. फरक एवढाच की, ती कधी उघड असते, तर कधी मोजक्यांनाच ठाऊक असते. उघड रचना नाकारली म्हणजे सत्ता संपत नाही. ती मैत्रीच्या जाळ्यात जाऊन बसते. ज्यांची मैत्री आहे त्यांना निर्णय कसे होतात हे कळते. इतरांना मात्र आपण काहीतरी चुकीचे बोललो, एवढेच जाणवत राहते.

फ्रीमन यांचे निरूपण आणि आपण पाहिलेली घटनाचालित चौकट यांतील साम्य लक्षणीय आहे. अनौपचारिक गटात कोणी हुकूम देत नाही. काही घडते, कोणीतरी उठून प्रतिसाद देतो, काम होते. हे दृश्य विलोभनीय असते. परंतु कोणाचे म्हणणे 'प्रसंग' मानले जाईल आणि कोणाचे 'कुरबूर' म्हणून विरून जाईल, हे कोठेतरी आधीच निश्चित झालेले असते. ही नोंदणी कोणी केलेली नसते असे नाही. ती कोणाच्या नावावर केलेली नसते.

ज्या ठिकाणी ही दोन्ही क्षेत्रे अक्षरशः एकत्र आली, असे एक उदाहरण उपलब्ध आहे. २००९ साली रायन डाल यांनी बर्लिन येथील एका परिषदेत 'नोड' ही प्रणाली मांडली. उत्तराची वाट पाहत थांबून राहण्याची जुनी पद्धत त्यांना उधळपट्टीची वाटत होती. म्हणून वेबच्या सर्व्हरची कामे एका इव्हेंट लूपभोवती उभारावी, अशी त्यांची कल्पना होती. ती विलक्षण लोकप्रिय झाली. जगभरच्या स्वेच्छाकर्मींनी तिच्यात भर घातली. प्रकल्पाची सूत्रे मात्र 'जॉयंट' या कंपनीच्या छत्राखाली एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली: डाल यांच्याकडून २०१२ मध्ये एकाकडे, तेथून २०१४ मध्ये आणखी एकाकडे. मार्च २०१३ मध्ये एक स्थिर आवृत्ती आली; पुढची यायला फेब्रुवारी २०१५ उजाडले. दरम्यान डिसेंबर २०१४ मध्ये योगदान देणाऱ्यांपैकी अनेकांनी 'आयओ' या नावाने वेगळी शाखा काढली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली.

या फुटीचा निव्वळ तांत्रिक वाद म्हणून उलगडा होत नाही. शाखा काढणाऱ्यांचा मुख्य आक्षेप कारभाराविषयी होता. जे काम करीत होते त्यांचा निर्णयात भाग नव्हता. घटनाचालित प्रणालीचे हे कर्ते स्वतः हँडलरच्या स्थितीत होते. बोलावले की यावयाचे, आणि केव्हा बोलावले जाईल हे विचारावयाचे नाही. नव्या शाखेने तांत्रिक समिती नेमली, तिच्या बैठका उघड्या ठेवल्या, सहमती कशी शोधावयाची याचे नियम लिहून काढले आणि काम करणाऱ्यांना बदल दाखल करण्याचा अधिकार मोकळ्या हाताने दिला. २०१५ सालातच दोन्ही बाजू एका प्रतिष्ठानाखाली एकत्र आल्या आणि सप्टेंबरमध्ये संयुक्त आवृत्ती निघाली. तिच्या कारभाराची रीत बरीचशी बंडखोर शाखेची होती.

त्याच वर्षी जावास्क्रिप्ट या भाषेच्या प्रमाणित आवृत्तीत 'प्रॉमिस' ही सोय आली आणि २०१७ मध्ये 'असिंक-अवेट' ही वाक्यरचना आली. कॉलबॅकच्या पोटात कॉलबॅक गुंफत गेल्याने जी संहिता वाचणे दुष्कर झाले होते, ती पुन्हा वरून खाली, कथनासारखी वाचता येऊ लागली. चक्र खाली तसेच फिरत राहिले. वर क्रमाचे निवेदन परत आले. डाइक्स्ट्रांची मागणी अंशतः तरी मान्य झाली, असे म्हणता येईल. संघटनेची लिखित नियमावली हीदेखील याच जातीची वस्तू आहे. ती प्रत्यक्ष व्यवहाराची जागा घेत नाही. परंतु बाहेरून येणाऱ्याला तो व्यवहार वाचता येईल, असे रूप ती त्याला देते.

५

उत्तरदायित्वाचा प्रश्न खरा कसाला लागतो तो अपाय घडल्यावर. मार्च २०१६ मध्ये एका आज्ञावलीकाराने सार्वजनिक कोठारातून आपली सर्व पॅकेजे काढून घेतली. त्याच्या एका पॅकेजचे नाव एका कंपनीच्या नावाशी जुळत होते; कंपनीने हरकत घेतली आणि कोठाराच्या चालकांनी ते नाव कंपनीला दिले. याचा निषेध म्हणून त्याने ही कृती केली. काढून घेतलेल्या पॅकेजांत 'लेफ्ट-पॅड' नावाचे एक अवघ्या अकरा ओळींचे होते. दिलेल्या मजकुराच्या डाव्या बाजूला ठरावीक लांबी भरेपर्यंत मोकळ्या जागा किंवा शून्ये घालणे, एवढेच त्याचे काम. त्यावर साखळीने अवलंबून असलेले असंख्य प्रकल्प जगभर एकाच वेळी अडखळले. चालकांनी काही तासांतच ते पॅकेज लेखकाच्या इच्छेविरुद्ध परत ठेवले. पुढे पॅकेज काढून घेण्याचे नियमही बदलण्यात आले.

येथे दोषी कोण? स्वतः लिहिलेले परत घेणारा? नाव काढून देणारे चालक? की त्या अकरा ओळी स्वतः न लिहिता दुसऱ्यावर विसंबून राहणारे? प्रत्येकाला आपल्या कृतीपुरते समर्थन होते. कोठार ही मोकळी जागा आहे, तेथे कोणी ठेवावे व कोणी घ्यावे, अशी सर्वांची समजूत होती. संकटाच्या क्षणी मात्र दिसून आले की नाव कोणाचे, पॅकेज राहील की जाईल, या दोन्ही गोष्टी ठरविणारा कोणीतरी होताच. त्या दिवसापर्यंत तो ठरविताना दिसला नव्हता, एवढेच.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. 'एक्सझेड' हे माहिती संक्षिप्त करणारे साधन लिनक्सच्या बहुतेक वितरणांत असते. वर्षानुवर्षे ते प्रामुख्याने एकच स्वेच्छाकर्मी सांभाळीत होता. २०२१ पासून एका टोपणनावाने कोणीतरी मदत करू लागले. २०२२ मध्ये इतर काही नावांनी जुन्या सांभाळकर्त्यावर दडपण आले: कामे रखडतात, दुसऱ्याला अधिकार द्या. ही नावेही बनावट असावीत, असा नंतरचा तर्क आहे. नव्या मदतनिसाला हळूहळू अधिकार मिळाले आणि २०२४ च्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत एक चोरवाट दडविली गेली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला. त्याचे कारण शोधताना २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ही चोरवाट उघडकीस आणली.

या प्रकरणात गुन्हा करणारा आहेच. त्याचे कर्तृत्व कोणत्याही रचनेच्या चर्चेने कमी होत नाही. परंतु तो ज्या दारातून आला ते दार अनौपचारिकतेचे होते. सांभाळकर्त्याचा थकवा ही गोष्ट घडत होती, पण त्या व्यवस्थेत तिला घटनेचा दर्जा नव्हता. ती ऐकण्यासाठी कोणाचीही नोंदणी नव्हती. तक्रारीला मात्र वाट होती. थकवा ऐकू येत नाही आणि तक्रार ऐकू येते, अशी ही रचना होती, आणि शत्रूने ती अचूक वाचली होती. आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. फ्रॉइंड यांचे ते काम नव्हते. कोणी बोलावलेले नसताना त्यांनी अर्ध्या सेकंदाला घटना मानले. हँडलरच्या भूमिकेत असलेल्या माणसालाही रांगेबाहेरचे ऐकण्याचे स्वातंत्र्य उरते, याचा हा पुरावा आहे. म्हणूनच 'मला बोलावले, मी आलो' हे समर्थन कधीच पुरेसे ठरत नाही.

६

यावर एक सबळ आक्षेप येऊ शकतो. फ्रीमन यांना उत्तर देताना कॅथी लेव्हीन यांनी तो घेतला होता. त्यांच्या मते लहान, नेतृत्वहीन गट ही अपरिपक्व अवस्था नसून जाणीवपूर्वक स्वीकारलेला पर्याय आहे. मोठ्या, नियमबद्ध संघटनेत माणूस पुन्हा परात्म होतो. हा आक्षेप सहज बाजूला सारता येणार नाही. आपल्या वाङ्मयीन इतिहासातही त्याला आधार आहे. १९५५ च्या सुमारास 'शब्द'पासून सुरू झालेली लघुनियतकालिके कार्यकारिणी आणि घटना यांच्या बळावर उभी राहिली नाहीत. काही मित्र जमले, काही कविता जमल्या, चक्रमुद्रणाची सोय झाली आणि अंक निघाला. संस्थांच्या नियमबद्ध व्यवहारात त्या कवितांना वाट मिळण्याची शक्यता कमी होती. अनौपचारिकतेनेच त्यांना घटना होऊ दिले.

हे मान्य करूनही 'अंक निघाला' या शब्दप्रयोगाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. 'निघणे' आणि 'काढणे' ही 'ठरणे' व 'ठरविणे' यांसारखीच जोडी आहे. अंक निघतो तेव्हा कोणीतरी तो काढलेला असतो. ज्याच्याकडे पत्त्यांची वही आहे, पदरचे चार पैसे आहेत किंवा छपाईची ओळख आहे, त्याच्या आवडीनिवडीला अशा गटात नियमावलीशिवायच वजन येते. ज्यांचा मित्रवर्तुळाशी परिचय नाही, त्यांच्या कविता नाकारल्या जात नाहीत. त्या पोहोचतच नाहीत. सहानुभूतीने लिहिलेल्या इतिहासानेही हे विचारले पाहिजे. तसे न केल्यास प्रस्थापित नियतकालिकांच्या संपादकाला आपण जे प्रश्न विचारतो, त्यांतून प्रस्थापितविरोधी संपादक केवळ त्याने स्वतःला संपादक म्हटले नाही म्हणून सुटतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. औपचारिक रचना कर्त्याला उघड करतेच असे नाही. आपल्या प्रशासकीय मराठीची 'करण्यात येत आहे', 'मंजुरी देण्यात आली', 'कार्यवाही करण्यात यावी' ही सगळी वाक्यरचना कर्त्याला वगळण्याच्या कलेत निष्णात आहे. हॅना आरेंट यांनी नोकरशाहीचे वर्णन कोणाचेच नसलेले राज्य असे केले आणि बजावले की कोणाचेच नसलेले राज्य म्हणजे राज्याचा अभाव नव्हे. उत्तर मागायला कोणीच सापडत नाही, म्हणून ते अधिक जुलमी होऊ शकते. तेव्हा खरा विरोध औपचारिक आणि अनौपचारिक यांत नाही. जी रचना आपला प्रयोजक दाखविते आणि जी लपविते, यांत तो आहे. 'ठरविण्यात आले' आणि 'तसे ठरले' ही दोन्ही वाक्ये या कसोटीवर एकाच बाजूला पडतात.

७

कर्ता हा क्रियेच्या अनेक कारणांपैकी एक आहे, ही जाणीव आपल्या परंपरेला नवी नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची दृष्टी तेथे अपुरी मानली आहे. या विचाराचा वापर जबाबदारी झटकण्यासाठी होऊ शकतो आणि झालेलाही आहे. परंतु त्याचे दुसरे वाचनही शक्य आहे. कारणे पाच असतील, तर चौकशीही पाच ठिकाणी केली पाहिजे. अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आधारावर क्रिया उभी राहते ते. इव्हेंट लूप हे असे अधिष्ठान आहे. मित्रवर्तुळ हेही आहे. फरक इतकाच की, देहाचे किंवा निसर्गाचे अधिष्ठान आपण रचलेले नसते, आणि ही अधिष्ठाने माणसांनी रचलेली असतात. रचलेल्या अधिष्ठानाला दैवाच्या खाती टाकणे हा कोटीदोष आहे. 'उजाडले' हे क्रियापद सूर्याच्या बाबतीत निर्दोष आहे. सभेच्या बाबतीत ते असत्य आहे.

यातून उत्तरदायित्वाची एक कसोटी हाती लागते. कर्त्याविना चालणाऱ्या व्यवस्थेत अपाय घडला, तर शेवटची कृती कोणाची हा पहिला प्रश्न नव्हे. ती कृती करणारा बहुधा सर्वांत कमी स्वतंत्र असतो आणि सर्वांत सहज सापडतो. पहिला प्रश्न असा: कशाला घटना मानावयाचे, हे कोणाच्या हाती होते? दुसरा: ते त्याच्या हाती आहे, हे इतरांना ठाऊक होते काय? तिसरा: ज्यांना हे ठाऊक होते त्यांनी ते बदलण्याची वाट इतरांसाठी मोकळी ठेवली होती काय? स्वातंत्र्य हे कर्तृत्वाचे लक्षण मानले, तर उत्तरदायित्वाचे प्रमाणही स्वातंत्र्याच्या प्रमाणात असले पाहिजे. रांगेचा क्रम ठरविणाऱ्याचा वाटा रांगेत उभे राहणाऱ्याच्या वाट्याहून मोठा असणार. मात्र रांगेत उभे राहणाऱ्याचा वाटा शून्य होत नाही. अर्ध्या सेकंदाचा विलंब ऐकणे त्यालाही शक्य असते.

फ्रीमन यांनी आपल्या लेखाच्या अखेरीस ज्या तत्त्वांची शिफारस केली, त्यांत कामे नावाने सोपविणे, ती आळीपाळीने फिरविणे आणि माहिती सर्वांपर्यंत पोहोचविणे ही होती. त्यांत संघटनाशास्त्राचे गूढ असे काही नाही. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर अकर्मक वाक्याचे प्रयोजक वाक्यात रूपांतर करण्याचा तो नित्याचा अभ्यास आहे. गटाच्या टिपणवहीत 'तसे ठरले' याऐवजी 'अमुक जणांनी, अमुक जण गैरहजर असताना, तसे ठरविले' असे लिहिले, तर गटाची मैत्री आटण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी जो गैरहजर होता त्याला 'का?' असे विचारता येते, आणि विचारावयाचे कोणाला हेही त्याला ठाऊक असते.